हन्ना शिलोला गेली नाही

“बाळाची चिंता करू नका, देव तिची काळजी घेईल,” हे वाक्य अलीकडे आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांतून इतक्या सहजपणे बोलले जाते की बोलणाऱ्याच्या लेखी त्याला काही वजन उरले असेल असे वाटत नाही. देव काळजी घेतो यावर माझा विश्वास आहे. तो नसता तर चाळीस वर्षे मी जे काम केले ते माझ्या हातून झाले नसते. माझी हरकत आहे ती या वाक्याच्या जागेवर. आजारी लेकराच्या उशाशी बसून, सगळे उपाय करून झाल्यावर, हे वाक्य ओठांवर आले तर तिला श्रद्धा म्हणावे. तेच वाक्य विमानाचे तिकीट काढताना, एकही उपाय करण्यापूर्वी आले, तर आपल्या अंगावरचे काम देवाच्या अंगावर ढकलण्याचा तो एक सभ्य प्रकार आहे.

जे वाचक ख्रिस्ती नाहीत त्यांना प्रकरण थोडे उलगडून सांगायला हवे. पूर्वी गोरे मिशनरी समुद्र ओलांडून आपल्याकडे येत. आता काळ पालटला आणि आपल्याकडच्या मंडळ्याही बाहेर माणसे पाठवू लागल्या. हे पाठवणे बहुधा दोन-तीन आठवड्यांचे असते. पाच-पन्नास जणांनी वर्गणी काढायची, दहा-बारा जणांनी जायचे, तिथल्या एखाद्या शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना गाणी शिकवायची, सभा घ्यायच्या, आणि परत येऊन उपासनेच्या वेळी पडद्यावर चित्रे दाखवायची. याला ‘मिशन ट्रिप’ म्हणतात. भिंती रंगवणारे कारागीर त्या देशात नसतात काय, आणि तिकिटांच्या पैशात त्यांच्याकडून किती भिंती रंगवून झाल्या असत्या, हा हिशेब मी इथे काढीत नाही. मोठ्या माणसांनी आपल्या पैशाने व आपल्या पायांनी कुठे जावे हे त्यांनी ठरवावे. माझा वाद त्यांच्या काखेतल्या तान्ह्या मुलाबद्दल आहे.

माझी पुतणी पुण्याला असते. ती आणि आमचे जावई दोघेही शिकलेले, देवभीरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात. येत्या जानेवारीत त्यांच्या मंडळीची तुकडी तीन आठवड्यांसाठी युगांडाला जायची आहे आणि तिच्यात ही दोघे आहेत. तेव्हा त्यांची मुलगी सात महिन्यांची असेल. पुतणीने मला फोन केला तो एवढ्याचसाठी, की “आत्या, बाळाबरोबर कुठली कुठली औषधे ठेवू, यादी देशील का?” यादी देणे मला जड नव्हते. परंतु न्यावे की नाही, हा प्रश्न तिने विचारलाच नाही. तो कुठे आणि कसा सुटला म्हणून चौकशी केली तेव्हा कळले की तो सुटला नव्हता, त्याच्यावर टाळ्या पडल्या होत्या. एका रविवारी पाळकसाहेबांनी त्या पोरीला सगळ्यांसमोर उचलून धरले आणि “ही आपल्या मंडळीची सर्वांत धाकटी मिशनरी!” असे जाहीर केले. जिला अजून आधाराशिवाय बसता येत नाही ती एका टाळीसरशी मिशनरी झाली. त्यानंतर कोणत्या आईने उभे राहून म्हणावे, की थांबा, मला जरा विचार करू द्या?

या टाळ्यांना मोठी परंपरा आहे आणि ती परंपराच मला इथे तपासायची आहे.

विल्यम केरी हे नाव मराठी वाचकाला परके नसावे. १८०५ साली बंगालमधल्या सेरामपूरला त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले, १८१० साली कोश निघाला. आपल्या भाषेवर त्यांचे ऋण आहे आणि मी ते मानते. मूळचा हा इंग्लंडमधला चांभारकाम करणारा माणूस. १७९३ च्या एप्रिलात तो हिंदुस्थानला निघाला तेव्हा त्याची बायको डॉरथी दिवसांत होती आणि तिने येण्यास साफ नकार दिला होता. ही बाई कधी आपल्या मुलखाबाहेर गेली नव्हती. लग्नाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली केलेली आहे. केरी थोरल्या मुलाला घेऊन जहाजावर चढले. पण कंपनी सरकारचा परवाना नसल्यामुळे त्यांना उतरवण्यात आले. तोवर डॉरथी बाळंत झाली होती. दुसरे जहाज मिळाले ते डेन्मार्कचे, आणि या खेपेला केरींचे सहकारी थॉमस यांनी डॉरथीच्या मागे लागून तिचा होकार मिळवला. तिने अट घातली, की माझी बहीण बरोबर येत असेल तर येते. १३ जून १७९३ रोजी जहाज सुटले तेव्हा तिच्या मांडीवरचे मूल दीड महिन्याचेही झालेले नव्हते. जहाज कलकत्त्याला लागले ते नोव्हेंबरात. पाच महिने ती बाई त्या मुलाला पाजत, धूत, निजवत समुद्रावर होती. त्या मुलाचे नाव याबेस ठेवले होते. पवित्र शास्त्रात या नावाचा संबंध आईच्या वेदनेशी जोडलेला आहे. नाव कोणी सुचवले ते मला ठाऊक नाही, पण ज्याने सुचवले त्याला बाळंतिणीच्या खोलीतले काही तरी कळत होते खास.

याबेस वाचला, मोठा झाला आणि पुढे स्वतःही मिशनरी झाला. म्हणजे पहा, असे कोणी म्हणेल. पण त्याच घरातला पाच वर्षांचा पीटर १७९४ साली, कलकत्त्याला लागून वर्ष होते न होते तोच, मुदनाबाटीला तापाने व अतिसाराने गेला. डॉरथीलाही अतिसाराने पोखरलेच होते. पीटरनंतर तिचे मन फिरले ते फिरलेच. पुढची बारा-तेरा वर्षे तिने वेडात काढली. कधी तिला खोलीत बंद करून ठेवावे लागे, आणि पलीकडच्या खोलीत केरींचे भाषांतराचे काम चाललेले असे. १८०७ साली ती वारली. आपल्या मराठीचे ते व्याकरण त्याच घरात तयार झाले आहे. त्याच्या प्रस्तावनेत डॉरथीचे नाव शोधायला जाऊ नये.

मिशनच्या जुन्या चरित्रांतून डॉरथीची आठवण कशी येते ते पाहण्यासारखे आहे. ती नवऱ्याच्या पाचारणाला, म्हणजे देवाने त्याला मारलेल्या हाकेला, न समजणारी बाई म्हणून येते. त्याच्या गळ्यातली धोंड म्हणून येते. तिच्या वेडात केरींच्या सहनशक्तीची कसोटी पाहिली जाते. तिचा पहिला ‘नाही’ हा एक अडथळा होता आणि तो दूर झाला, एवढीच त्या ‘नाही’ची नोंद. मला मात्र वाटते की त्या सगळ्या प्रकरणात बाळाच्या बाजूने विचार करून बोललेला शहाणा शब्द तो एकच होता. तान्हे पोर आणि पोटाशी दोन लहान मुले असलेल्या आईने पाच महिन्यांच्या समुद्राला ‘नाही’ म्हटले, तर तिने देवाला ‘नाही’ म्हटले असे होत नाही.

दुसरी गोष्ट तर आपल्या मुंबईच्या उंबरठ्यापर्यंत येते. अमेरिकन मिशनची पहिली माणसे, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरली. त्यांच्याच तुकडीतले सॅम्युएल न्यूएल हे १८१४ साली त्यांना येऊन मिळाले. एकटेच आले. त्यांची पत्नी हॅरिएट अठरा वर्षांची असताना, लग्नानंतर दहाच दिवसांनी, १८१२ च्या फेब्रुवारीत त्यांच्याबरोबर सेलम बंदरातून निघाली होती. कलकत्त्याला पोहोचताच कंपनी सरकारने त्यांना निघून जायला सांगितले. मग ही दिवसांत असलेली पोर ऑगस्टमध्ये पुन्हा जहाजावर चढली, मॉरिशसकडे. ऑक्टोबरात भर समुद्रात तिला मुलगी झाली. पाचव्या दिवशी ती मुलगी गेली आणि तिला समुद्रातच सोडावे लागले. ३० नोव्हेंबरला पोर्ट लुईला हॅरिएटही गेली. तिला नुकते एकोणिसावे वर्ष पुरे झाले होते.

पुढे काय झाले? १८१४ साली तिच्या आठवणी व पत्रे यांचे पुस्तक निघाले. ते अमेरिकेत हातोहात खपले, त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, आणि ते वाचून कितीतरी तरुण मुलींनी मिशनरी व्हायचे ठरवले. एका बाईच्या आणि पाच दिवसांच्या मुलीच्या मरणातून जी शिकवण निघू शकत होती, ती ‘पुढच्या वेळी बाळंतपण होईपर्यंत थांबा’ अशी असायला हवी होती. निघाली ती ‘आणखी या’ अशी. मला त्या पुस्तकाचा राग त्यातल्या भक्तीबद्दल येत नाही. हॅरिएटची भक्ती खरी होती, तिने स्वतःचा जीव स्वतःच्या हाताने वाहिला. पण त्या मुलीने काय वाहिले? तिच्या नावावर ते अर्पण कोणी लिहिले? मोठ्या माणसाच्या हौतात्म्याला निदान त्याची स्वतःची सही असते. पाच दिवसांच्या पोरीच्या हौतात्म्यावर दुसऱ्याचीच सही असते.

याच जहाजावर हॅरिएटच्या सोबत ॲन जडसन होती. नवरा अडोनायरम यांच्यासह ती पुढे ब्रह्मदेशात गेली. तिचे पहिले मूल रंगूनच्या वाटेवर जहाजावरच मृत जन्मले, दुसरा मुलगा आठ महिन्यांचा होऊन गेला. तिसरी मारिया. ती जन्मली १८२५ च्या जानेवारीत, बाप ब्रह्मी राजाच्या तुरुंगात असताना. इंग्रजांशी लढाई चालली होती आणि सगळे गोरे हेर ठरले होते. कैद्यांना दुसऱ्या गावी हलवले तेव्हा काही महिन्यांच्या मारियाला घेऊन ॲन मागोमाग गेली, तिथे स्वतः आजारी पडली आणि तिचे दूध आटले. मग ॲनने पहारेकऱ्यांना लाच दिल्यावर जडसन, पायांत बेड्या तशाच, मुलीला काखेत घेऊन गावात फिरत, आणि अंगावर पाजणाऱ्या ब्रह्मी बायकांकडे तिच्यासाठी दूध मागत.

हा प्रसंग मी अनेक प्रवचनांतून ऐकला आहे. त्यात जडसनांच्या धीराचे वर्णन असते, ॲनच्या निष्ठेचे असते. ज्यांनी शत्रूपक्षाच्या, परधर्माच्या पोरीला पदराखाली घेतले त्या बायकांबद्दल प्रवचनकार अर्धे वाक्य बोलतो आणि पुढे जातो. वस्तुतः त्या गावात त्या दिवशी दयेची सेवा कोण कोणाची करत होते? तारणाचा संदेश घेऊन आलेले लोक दारोदार वाटी घेऊन उभे होते आणि ज्यांना तारायचे होते त्या बायका देत होत्या. ॲन १८२६ च्या ऑक्टोबरात गेली. सहा महिन्यांनी मारिया गेली.

आणखी जवळच्या काळात, १९३४ च्या डिसेंबरात, चीनमध्ये जॉन व बेटी स्टॅम या तरुण जोडप्याचा कम्युनिस्ट सैनिकांनी शिरच्छेद केला. त्यांची तीन महिन्यांची मुलगी एका रिकाम्या घरात दिवसभराहून अधिक काळ एकटी पडून होती. लो नावाच्या चिनी प्रचारकाने तिला शोधून काढले आणि तांदळाच्या टोपलीत घालून शंभरेक मैलांवर सुरक्षित पोहोचवले. ही गोष्ट ‘चमत्कार’ या सदरात सांगितली जाते. मी त्याला चमत्कार म्हणायला तयार आहे. पण चमत्कार झाला म्हणून हिशेब जमेचा होत नाही. टोपल्या नेहमी वेळेवर येत नाहीत, आणि ज्या मुलांसाठी टोपली आली नाही त्यांची पुस्तके निघत नाहीत.

“आत्या, हे सगळे दोनशे वर्षांपूर्वीचे,” असे पुतणी म्हणाली. “आता विमान आहे, डॉक्टर आहेत, फोन आहे.” बरोबर आहे. आणि म्हणूनच आजचा माणूस त्यांच्याहून अधिक उत्तरदायी आहे असे मी म्हणते. केरी आणि जडसन जन्मभरासाठी निघाले होते. मुलांना मागे ठेवायचे म्हणजे कायमचे सोडायचे. त्यांच्यापुढे दोन वाईट वाटा होत्या. हिवतापाचा डासाशी संबंध आहे हे त्यांना कळायला अजून शंभर वर्षे जायची होती. तो संबंध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली, इथेच, सिकंदराबादेत शोधला. त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ठाऊक आहे, शिवाय आपल्या खिशात परतीचे तिकीट आहे. मग आपण त्यांचीच भाषा कुठल्या तोंडाने बोलतो?

काय ठाऊक आहे ते आता थोडक्यात सांगते, कारण भक्तीच्या भाषेपेक्षा मला ही भाषा बरी येते. युगांडात पिवळ्या तापाची भीती आहे. त्याची लस साधारणपणे नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. सहा महिन्यांखाली ती देतच नाहीत, आणि मधल्या काळात अगदी गत्यंतर नसेल तरच विचार करतात, कारण लहान बाळाच्या मेंदूला सूज येण्याचा धोका असतो. वर्षाखालच्या मुलाकडे तिथले सरकार या लसीचा दाखला मागत नाही. यावर आमचे जावई म्हणाले, “म्हणजे अडचण नाही.” नियम तिला सोडतो, डास सोडत नाही, हे मी त्यांना सांगितले. गोवराची लस आपल्याकडे नवव्या महिन्यात देतात. प्रवासासाठी ती सहा महिन्यांनंतर आगाऊ देता येते, मात्र पुढच्या ठरलेल्या मात्रा पुन्हा द्याव्याच लागतात. राहता राहिला हिवताप, आणि तो सगळ्यांचा बाप. युगांडात असतो तो बहुतांशी फॅल्सिपॅरम जातीचा, डोक्यात जाणारा. आफ्रिकेत हिवतापाने जे मरतात त्यांत दर चारांतले तीन पाच वर्षांखालचे असतात. तान्ह्या मुलांना अशा प्रदेशात शक्यतो नेऊच नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने प्रवाशांना सांगून ठेवलेले आहे. प्रतिबंधाच्या गोळ्या आहेत. त्या वजनावर मोजून, कुटून, दुधात कालवून द्याव्या लागतात, पोर त्या थुंकते, आणि किती पोटात गेली ते कोणालाच सांगता येत नाही. हे मी केलेले आहे. टाळू खोल गेलेल्या पोराला सलाईन लावायला रात्री दोन वाजता शीर शोधण्याचेही मी केलेले आहे, तेही जिथे विजेचा दिवा, डॉक्टर आणि रक्तपेढी होती अशा इस्पितळात. यादी मागणाऱ्यांनी या यादीतली पहिली ओळ वाचावी: सात महिन्यांच्या मुलीला नेऊ नये.

यावर एक उत्तर असे येते की ते ऐकून क्षणभर गप्पच व्हावे: “तिथेही बाळे जन्मतात, वाढतात. आपलेच बाळ काय सोन्याचे?” प्रश्न चांगला आहे, आणि विचारणाऱ्याला तो फार समतेचा वाटतो. पण जरा उलटून पाहावा. तिथली आई हिवतापात राहते ती हौसेने नव्हे. तिला उद्या कोणी म्हटले, की तीन आठवडे तुझ्या मुलाला जिथे हा ताप नाही अशा गावी ठेव, तर ती पायी चालत निघेल. तिला तिथले पाणी ठाऊक आहे, कुठला दवाखाना रात्री उघडतो ते ठाऊक आहे, तापाची पहिली लक्षणे तिच्या सासूला ठाऊक आहेत. हिवतापाची लस २०२१ पासून संघटनेने मान्य केली ती त्या मुलांसाठी, पाचव्या महिन्यापासून तीन-चार मात्रांनी द्यायची. तीन आठवड्यांच्या पाहुण्यासाठी ती नाही. जे दुःख तिच्यावर लादलेले आहे ते आपण आपल्या मुलावर हौसेने ओढवून घेतले, तर तिचे ओझे रतीभर कमी होत नाही. उलट आपले पोर आजारी पडले की त्या गावच्या दवाखान्यातली एक खाट, एक परिचारिका आणि कदाचित रक्ताची एक पिशवी त्याच्याकडे जाते. पाहुण्याचे पोर म्हणून आधी जाते. तिच्या पोराची पाळी मागे जाते. ही समता मला समजत नाही.

पाहुणा काय घेऊन येतो आणि काय घेऊन जातो हाही विचार कोणी करीत नाही. २००५ साली अमेरिकेत इंडियाना राज्यात एक सतरा वर्षांची मुलगी रुमानियातल्या अनाथालयातून चर्चच्या मिशनचा प्रवास करून परत आली. तिला गोवराची लस दिलेली नव्हती. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती चर्चच्या सुमारे पाचशे माणसांच्या मेळाव्याला गेली. त्यातून चौतीस जणांना गोवर झाला, आणि त्यांत लस न घेतलेली मुलेच बहुसंख्य होती. ही मुलगी सतरा वर्षांची होती, तिला ‘मला बरे वाटत नाही’ म्हणून सांगता येत होते. सात महिन्यांचे पोर रडते, आणि आपण म्हणतो दात येत असतील.

आता शास्त्राकडे वळते, कारण माझ्याशी वाद घालणारे शेवटी तिथेच जातात. मरिया आणि योसेफ तान्ह्या येशूला घेऊन मिसर देशात गेलेच की, असे मला दोघा-तिघांनी ऐकवले. गेले खरे. कशासाठी गेले? हेरोद मुलाच्या जिवावर उठला होता म्हणून. मूल वाचवण्यासाठी ते देश सोडून पळाले. तो संपूर्ण प्रवास बाळासाठी होता. आपल्या प्रवासात बाळ सामानासारखे आहे. ही दोन टोके एका दोरीला कशी बांधता येतात? अब्राहाम आणि इसहाक यांची कथा सांगणारेही भेटले. त्या कथेत शेवटी हात अडवला जातो, हे सांगायला मात्र ते विसरतात.

मला आठवते ती हन्ना. कितीतरी वर्षे मूल नव्हते म्हणून जिने देवळात रडून नवस केला ती. तिला शमुवेल झाला. दरवर्षी सगळे कुटुंब शिलो येथे अर्पण करायला जात असे, त्या वर्षीही निघाले. हन्ना गेली नाही. मुलाचे दूध तुटेपर्यंत मी येणार नाही, असे तिने नवऱ्याला सांगितले. आणि एलकाना, तिचा नवरा, त्याने काय केले? तुला बरे वाटेल ते कर, असे म्हणून तो आपला गेला. मूल देवाला वाहिलेलेच होते, नवस फेडायचाच होता. पण बाळाच्या पोटाचा वेळ देवळाच्या वेळापत्रकाच्या आधी येतो, हे त्या बाईला कळत होते आणि तिच्या नवऱ्यालाही पटत होते. पाळकांपैकी कोणी हन्नाच्या या न जाण्यावर प्रवचन केल्याचे मी तरी ऐकलेले नाही. नवसावर करतात, मूल देऊन टाकण्यावर करतात. मधली घरी राहिलेली वर्षे गाळतात.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण माझ्यावर उलटवले जाईल, म्हणून मीच देते. १८८३ साली त्या विलायतेला गेल्या तेव्हा मनोरमा दोन वर्षांची होती आणि वाँटेजच्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रमात तिला घेऊन राहिल्या. पण रमाबाईंचे यजमान वर्षभरापूर्वीच वारले होते. आईबाप, भाऊ कोणी उरले नव्हते. मुलीला ठेवायचे तर कोणाजवळ? आणि तिथे गेल्यावर, माझ्या मुलीच्या मनात काय घालायचे ते मी ठरवीन, असे त्यांनी सिस्टर जेराल्डिन यांना पत्रांतून निक्षून सांगितले. चर्चच्या माणसांपुढे मुलीच्या वतीने ‘नाही’ म्हणणारी आई बरोबर असेल, तर मुलगी कुठेही सुरक्षित आहे. पुतणीला मी विचारले, की तिथे गेल्यावर रात्री ताप चढला तर तुकडी सोडून परत फिरण्याचा अधिकार तुझा, की पुढाऱ्याचा? ती म्हणाली, विचारून सांगते.

हे वाचून ज्या वाचकांना गुदगुल्या होत असतील, की पहा, ख्रिस्ती लोकच मिशनवर टीका करू लागले, त्यांनी फार खूश होऊ नये. वारीच्या गर्दीत, कुंभाच्या चेंगराचेंगरीत, उन्हातान्हात तान्ही पोरे खांद्यावर घेऊन निघालेले आईबाप मी पाहिलेले आहेत आणि त्यांच्याही ओठांवर हेच वाक्य असते, फक्त देवाचे नाव वेगळे. आमच्या आयाबायांचा सव्वा महिन्याचा नियम होता. बाळंतिणीने व बाळाने तोवर उंबरठा ओलांडायचा नाही. त्या नियमात सोवळेओवळे किती आणि शहाणपण किती याचा निवाडा विद्वानांनी करावा. बाळाला गर्दीपासून दूर ठेवायचे एवढे तरी त्या नियमाला कळत होते. आणि तो मोडायला देवाचे नाव पुरत नसे.

मग बाईने काय घरातच बसायचे काय, असे मला एका तरुण मुलीने विचारले. तिचा सवाल रास्त आहे, कारण थांबायची वेळ आली की नेहमी आईच थांबते आणि बाप साक्ष देऊन येतो. माझे म्हणणे असे, की हन्ना थांबली ती मूल दुधाचे होते म्हणून. दूध तुटल्यावर कोणी थांबायचे हे आईबापांनी आपसात ठरवावे, आणि एखाद्या वर्षी बापाने थांबून आईला जाऊ द्यावे. ज्या मंडळीला बाईचे काम खरोखर हवे असेल तिने तिच्यासाठी पुढच्या वर्षीची जागा राखून ठेवावी. जागा राखायची नाही आणि मूल घेऊन ये म्हणायचे, याला सोय म्हणतात. शिवाय पडद्यावरच्या चित्रांत गोरागोमटा तान्हा पाहुणा काळ्या मुलांच्या घोळक्यात हसताना फार शोभून दिसतो आणि पुढच्या वर्षीची वर्गणी चांगली जमते, हेही मला ठाऊक आहे.

पुतणीला मी जे लिहून पाठवले ते असे: मुलगी मार्चमध्ये नऊ महिन्यांची होईल. तेव्हा दोन्ही लसी घेता येतील, पण मार्च ते मे तिकडे पावसाचे, म्हणून तेही दिवस सोडावे, आणि हिवताप तर बाराही महिने आहे. तेव्हा या वर्षी जावयांनी एकट्याने जावे, किंवा दोघांनी जाऊ नये, आणि मुलगी तीन-चार वर्षांची झाली की ‘पोटात दुखते’ म्हणून सांगू लागेल तेव्हा पुन्हा विचार करावा. तिकीट रद्द करण्याचा जो भुर्दंड पडेल तो माझ्या निवृत्तिवेतनातून मी देईन. यावर तिचे उत्तर आले, की भुर्दंडाची अडचण नाही, पण तिघांची नावे छापून झाली आहेत आणि पाळकसाहेबांना काय सांगायचे हा प्रश्न आहे. समितीची बैठक नाताळच्या आधीच्या रविवारी आहे. मी त्या दिवशी पुण्याला जाणार आहे. मला कोणी बोलावलेले नाही.